डावीकडची टकटक

दसऱ्याच्या आधीच्या पंधरवड्यात मैसुरातल्या गाड्या आजारी म्हणून गॅरेजात जात नाहीत, नटायला जातात. देवराज मार्केटच्या बाहेर कोहळ्यांचे ढीग लागतात, शेवंतीच्या माळा हाताच्या कोपराने मोजून विकल्या जातात, आणि लष्कर मोहल्ल्यातल्या गल्ल्यांतून साबणाच्या पाण्याचे ओघळ वाहायला लागतात. खंडेनवमीला गाडीची पूजा करायची, म्हणजे तिला न्हाऊमाखू घालायलाच हवं. आमच्या शेजाऱ्यांना या दिवसांत फुलांचा वास येतो, तुपात भाजलेल्या मैसूरपाकाचा वास येतो. माझं मात्र नाक कामाला येत नाही, कान टवकारतात. रस्त्यात कुठल्याही जुन्या गाडीचं एक चाक खड्ड्यात गेलं की मी मान वळवून ऐकते. वाजतंय का काही? कुठल्या बाजूला?

ही खोड मला एका दसऱ्याने लावली. तेव्हा आमची पांढरी सेडान बारा-तेरा वर्षांची होती. नानांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर गाडी चालवणं सोडलं होतं आणि किल्ली माझ्याकडे आली होती. नाना डावीकडे पुढच्या सीटवर बसून न चालवता गाडी चालवायचे. आई मागे. आईला गाडी लागायची. साधी नाही, भयंकर लागायची. बसल्या बसल्या डोळे मिटायची, मांडीवर लिंबू आणि वेलदोड्याची डबी, पदराखाली प्लॅस्टिकची पिशवी, आणि उतरेपर्यंत तोंडातून अक्षर नाही. एरवी अग्रहारातल्या आमच्या गल्लीत कुणाचं काय चाललंय ते सगळं तिच्या जिभेवर असे. गाडीत बसली की ती बाई हरवायचीच.

सपाट रस्त्यावर ती कसंबसं निभावून न्यायची. चामुंडीच्या टेकडीची वळणं मात्र तिला अजिबात सोसत नसत. आमची गाडी म्हातारी, वळणावर एका अंगावर कलायची आणि दुसऱ्या वळणाला दुसऱ्या अंगावर. म्हणून आई आयुष्यभर बेट्टावर, म्हणजे त्या टेकडीवर, पायीच गेली. हजारावर पायऱ्या, आणि नवरात्रात प्रत्येक पायरीला वाकून हळद-कुंकवाचं बोट लावत. मग गुडघे गेले. डॉक्टरांनी पायऱ्या बंद सांगितल्या. तीन नवरात्रं ती वर गेली नाही. बोलून काही दाखवलं नाही तिने. फक्त संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना दक्षिणेला, बेट्टाकडे तोंड करून जरा जास्त वेळ उभी राहायची, आणि नाना ते खालून बघायचे.

नानांना बायकोचं कौतुक बोलून दाखवायची सवय नव्हती. त्यांनी काय केलं, तर बेंगळुरात नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला, मोहनला, फोन लावला. "अरे, गाडी वळणावर कलू नये म्हणून काही मिळतं का बघ की. किती का लागेना." मोहनला गाड्यांचं वेड. पुढच्या शनिवारी तो बसमधून एक लांबलचक कागदात गुंडाळलेलं काहीतरी खांद्यावर घेऊन उतरला. आईला वाटलं, पडद्याची दांडी.

होतीही दांडीच. अंगठ्यापेक्षा जाड, दोन्ही टोकांना वाकवलेली पोलादी दांडी. मोहनने जेवणाच्या ताटाशेजारी दोन चमचे ठेवून समजावलं : ही गाडीच्या पोटाखाली आडवी बसते, डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी बांधते. वळणावर एक बाजू दबायला लागली की दांडीला पीळ बसतो, आणि तो पीळ गाडीला फार कलू देत नाही. कंपनीची बारीक होती, ही बाहेरची, जाड. दोन जागी ती कडक प्लॅस्टिकच्या बूशमधून, म्हणजे जाड कड्यांमधून, जाते, बूशवर पट्टी, पट्टीला बोल्ट. आयतु, झालं. आई म्हणाली, "एवढी दांडी माझ्यासाठी? सुम्ने खर्च, उगीच!" आणि दांडीवरून हात फिरवून आली.

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. नानांचे आजोबा-पणजोबा रंगारी. लुगडी रंगवायची, छापायची. नानांनी जन्मभर बँकेत नोकरी केली, पण घरात कोरी वस्तू वापरायची नाही हा नियम त्यांच्याबरोबर आला. नवं शिडीचं लाकूड असो, नवी बादली असो की माझ्या कॉलेजची पहिली छत्री, आधी तिला रंगाचं बोट लागलं पाहिजे. माझ्या छत्रीच्या मुठीवर अजून हिरवा ठिपका आहे. दांडीवर नुसतं बोट लावून नानांचं समाधान होईना. देवीच्या वाटेवर जाणारी वस्तू! त्यांनी डाळिंबी रंगाचा ऑइलपेंट आणला आणि गच्चीवर कपड्यांच्या दोरीला दांडी टांगून तीन हात दिले. पहिला वाळल्यावर दुसरा, दुसऱ्यावर पॉलिश पेपर, मग तिसरा. दांडी हलू नये म्हणून दोरी मीच धरली होती. ऑक्टोबरचं ऊन, वाऱ्यावर आईची पातळं, आणि त्यांच्या मधोमध लखलखणारी ती दांडी. नाना दोन पावलं मागे सरून बघत होते. इतके खूश मी त्यांना निवृत्तीच्या निरोप समारंभातही पाहिलं नव्हतं.

लष्कर मोहल्ल्यातल्या शिवण्णाने दांडी बसवली. शिवण्णा आमचा गाडी घेतल्यापासूनचा मेकॅनिक. बोलतो कन्नड, समजतं त्याला सगळं. त्या दिवशी त्याच्या दारात गाड्यांची रांग होती. त्याने घाईत जुनी काढली, नवी चढवली, बोल्ट आवळले आणि म्हणाला, "सार, बण्ण चेन्नागिदे." रंग छान आहे. नाना दिवसभर ते वाक्य घरात सांगत फिरले.

गाडी खरंच कलायची थांबली. पॅलेसच्या मागच्या मोठ्या सर्कलला मी मुद्दाम जोरात वळवली तर नाना सीटवरून हललेही नाहीत. पण चौथ्या दिवशी आवाज सुरू झाला. गतिरोधकावर कुरकुर, जुन्या झोपाळ्याच्या कडीची असते तशी. आणि एक चाक खड्ड्यात गेलं की टक. पुन्हा टक. आईने दोन गल्ल्या ऐकलं आणि डोळे न उघडताच निकाल दिला, "मी नाही येत बा हिच्यातून बेट्टावर. अर्ध्या वाटेत चाक गळून पडलं म्हणजे? आणि देवीच्या दारात असं डबडं वाजवत जाऊ?"

नवरात्राला आठ दिवस होते. त्या रात्री नाना कमी जेवले. मला फार वाईट वाटलं. दांडी आणली ती जिच्यासाठी, तीच खाली उतरली.

मग सुरू झाला आमचा दुरुस्तीचा हंगाम. रोज कॉलेजात शिकवून सुटले की मी, नाना आणि गाडी लष्कर मोहल्ल्यात. शिवण्णाने दांडीच्या टोकांचे जोड बदलले. टक तशीच. मग म्हणाला, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले होते, ते चुकलं, गाडी आपल्या वजनावर उभी करून आवळायला हवेत. तसे आवळले. एक दिवस शांत, दुसऱ्या दिवशी टक. मोहन फोनवर म्हणाला, "अगं, अशा पार्टला स्वल्प आवाज असतोच. रेसिंगच्या गाड्यांना असतो." मी म्हटलं, आईला रेसमध्ये नाही उतरायचंय. एका संध्याकाळी मी कुणालाही न विचारता बूशच्या फटीत खोबरेल तेल ओतलं. दोन दिवस कुरकुर थांबली आणि गाडीला वेणीफणी केल्याचा वास येत राहिला. तिसऱ्या दिवशी धूळ बसून आवाज दुप्पट. शिवण्णाने बोट लावून वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि काहीही न बोलता फडका घेतला. त्याचं ते न बोलणं मला अजून झोंबतं.

या सगळ्यात खरं निदान केलं ते आईने. आवाज नेमका कुठून येतो हे मला चालवताना कळेना, नाना म्हणायचे मागून, शिवण्णा म्हणायचा पुढून. शेवटी आईला विनवून मागे बसवलं. बेट्टावर नाही, नुसतं देवराज मोहल्ल्याला एक चक्कर. ती नेहमीसारखी डोळे मिटून बसली. किती वर्षं ती गाडीत डोळे मिटून बसत आली होती! आम्ही रस्ता बघायचो तेव्हा ती फक्त ऐकत होती. घरी आल्यावर तिने वेलदोडा चघळत अहवाल दिला. "दोन्ही चाकं बरोबर चढली की कुरकुरतं. एकच उतरलं की टकटकतं. कुरकूर दोन्हीकडून, टकटक डावीकडून जास्त. आणि खड्ड्यात जाताना नाही वाजत ते, बाहेर येताना वाजतं." मी हे शिवण्णाला शब्दशः सांगितलं. तो हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "अक्का, अम्मांना इथंच कामाला ठेवू का?"

अष्टमीला तो शेवटी पूर्ण गाडीखाली झोपला. आई त्या दिवशी आपणहून आली होती. आपलं निदान बरोबर निघतं का बघायला. उजवीकडची पट्टी सुटली, बूश निघाला, आणि काही वेळ खालून नुसतं हुं हुं ऐकू आलं. मग शिवण्णा बाहेर सरकला. त्याची बोटं लालभडक. पण ते रक्त नव्हतं, डाळिंबी होतं.

"बूशच्या आत यारु बण्ण होडेदद्दु?" त्याने विचारलं. कुणी रंग मारला?

नाना आपल्या चपलांकडे बघायला लागले. मीही. दोरी मीच धरली होती.

"ह्यांनीच. आणखी कोण?" आई म्हणाली.

शिवण्णाने बूश दाखवला. रंगाचे तीन थर बूशला चिकटत होते, सुटत होते, म्हणून कुरकुर. डावीकडे तर पट्टीच्या कडेतून त्यांचे पापुद्रे बाहेर येत होते, म्हणजे आत दांडी आणि बूश यांच्यात फट पडली, म्हणून टक. "सार, बाहेर रंग ठीक. पण हिच्या पोटात कोण बघायला येतंय? इथं कोरंच पाहिजे. मीपण गाढव, घाईत बघितलं नाही."

"कोरं कसं घालायचं रे?" नाना इतक्या खालच्या आवाजात म्हणाले, की मला त्यांचा हात धरावासा वाटला. आणि आई हसायला लागली. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. "अय्यो, देवीला जाणारी दांडी म्हणून नटवली ह्यांनी! माझं लग्नातलं लुगडंसुद्धा एकदाच रंगवलं होतं, हिला तीनदा!" शिवण्णा हसला, मी हसले, आणि शेवटी नानाही. पंधरा दिवसांची कोंडी त्या ग्रीसच्या वासात फुटली.

उजवी बाजू शिवण्णाने पॉलिश पेपरने घासून पोलाद उघडं केलं, नवा बूश घातला, या प्लॅस्टिकला चालणारं पांढरं चिकट ग्रीस लावलं. डावीकडचा बोल्ट मात्र परत आवळताना आट्यांत असा जाम झाला होता, की हलेना. त्याला तेल पाजून ठेवावं लागणार होतं. आणि संध्याकाळ झाली होती. शिवण्णाने घड्याळ बघितलं आणि उठला. पाने, पक्कड, हातोडी, जॅक, सगळं रॉकेलने धुऊन, पुसून भिंतीशी पाटावर मांडायला घेतलं. आम्ही बघतच राहिलो. आता यांच्यावर कुंकू चढणार. नवमीला पूजा, आणि विजयादशमीला पूजा हलेपर्यंत एकाही पान्याला हात लागणार नाही. नाना पाटाकडे एक पाऊल गेले आणि परत फिरले. कुंकू लागलेला पाना उचल, असं मैसुरात कोण कुणाला म्हणेल?

"नाडिद्दु बन्नी, सार," शिवण्णा म्हणाला. परवा या. "घाबरू नका, घट्ट आहे, सुटणार नाही. फक्त वाजेल."

परवा म्हणजे नवरात्र संपलेलं. घरी येताना डावीकडे टक वाजली की नाना अंग चोरायचे.

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या दारात गाडीची पूजा झाली. बॉनेटवर विभूतीचे पट्टे, कुंकू, शेवंतीचा हार, चाकांखाली लिंबं. नानांनी कोहळा फोडला. आईने गाडीला ओवाळलं, आणि तबक खाली ठेवत म्हणाली, "उजवीकडचं गेलं. डावीकडचं खड्ड्याला वाजतं ते कळलं. वळणाला वाजतं का ते कुठं बघितलंय?"

"वळणं कुठं आहेत मैसुरात?" मी म्हटलं.

"बेट्टावर आहेत की."

नाना तिच्याकडे बघत राहिले. "अगं, पण ते वाजतंय अजून. उद्या तो—"

"वाजू दे की हो. तेच ऐकायला येते मी. उद्या शिवण्णाला सांगायला नको, नेमकं कुठं वाजतं ते?" असं म्हणून ती चपला घालून मागे बसलीसुद्धा. लिंबू, वेलदोडे, पिशवी. आणि हातात हळद-कुंकवाचा करंडा.

मी जन्मात इतकी हळू गाडी चालवली नाही. पहिलं वळण. आरशात आई, डोळे मिटलेले, मान किंचित डावीकडे. "नाही." दुसरं वळण. टक. "हां. उजवीकडे वळताना." तिसरं. "नाही." नाना पुढे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसलेले. पाचव्या वळणाला ती म्हणाली, "परत वाजलं, पण बारीक. इथं रस्ता गुळगुळीत असेल." खरंच होता. मी आरशात पिशवी शोधत होते, ती पदराखालून बाहेर आलीच नाही. मग गर्दी लागली, माणसं, फुलांच्या टोपल्या, उदबत्त्या, आणि मी गाडी थांबवली.

"का थांबलीस? संपली का वळणं?"

"आई, वर आलो."

तिने डोळे उघडले. समोर गोपूर. मांडीवरचं लिंबू तिने उचलून बघितलं, त्याला नखही लागलं नव्हतं. दर्शन झाल्यावर ती पायऱ्यांच्या तोंडाशी गेली आणि सगळ्यात वरच्या पायरीवर सावकाश बसली. त्या पायरीला हळद लावली, कुंकू लावलं, आणि खाली उतरत गेलेल्या बाकीच्या पायऱ्यांकडे बघून म्हणाली, "तुम्हाला सगळ्यांना मिळून हे." खाली सगळं मैसूर उन्हात पसरलेलं. नाना तिच्या मागे उभे होते, डोळे पुसत होते आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोष देत होते. मला त्या क्षणी दोघांचाही फार अभिमान वाटला.

विजयादशमीनंतर शिवण्णाने डावी बाजूही साफ केली. गाडी मुकी झाली. कार्तिकात आम्ही मोठ्या दिमाखात पुन्हा बेट्टाकडे निघालो, आणि तिसऱ्या वळणाला आई पांढरीफटक. पिशवी बाहेर. "थांबव गं, थांबव." मला काही कळेना. गाडी कलत नव्हती, वाजत नव्हती, मग? थोडं पाणी पिऊन आई परत बसली, डोळे मिटले. मी गाडी सुरू केली. पुढच्या उजव्या वळणाला, टक.

मी चमकून डावीकडे बघितलं. नाना सरळ समोर बघत होते. त्यांच्या उजव्या हाताचं बोट डॅशबोर्डवर वाकलेलं होतं.

"अय्यो, परत लागलं का वाजायला?" मागून आई म्हणाली, आणि तिची मान ऐकायला वळली. पुढचं उजवं वळण, नानांचं बोट, टक. डाव्या वळणाला नाना शहाण्यासारखे गप्प. "उजवीकडे वळतानाच वाजतंय," आई म्हणाली. असे आम्ही वर पोचलो. त्यानंतर कितीतरी वर्षं असेच पोचत राहिलो. आईला कळलं होतं का? गाडीतलं लाकूड, लोखंड, प्लॅस्टिक ज्या बाईला डोळे मिटून ओळखू येतं, तिला नवऱ्याचं बोट ओळखू येणार नाही? पण ती कधी म्हणाली नाही, आणि नाना तर नाहीच.

नाना जाऊन आता दोन वर्षं होतील. गाडी आहे. मोहन म्हणतो विकून टाक, मी फोन दुसऱ्या कानाला लावते. काल शिवण्णाकडे पूजेआधीची धुलाई झाली. तो खाली वाकून बघून म्हणाला, "सद्दु इल्ल, अक्का." आवाज नाही. दांडीच्या मधल्या भागावर डाळिंबी रंग अजून आहे, बूशजवळ मात्र स्वच्छ कोरं पोलाद. मी बोट लावून बघितलं.

आज सकाळी आईला घेऊन निघाले. आता ती ब्याऐंशीची. मागे बसली, डोळे मिटले, मांडीवर लिंबू. पुढची डावी सीट रिकामी. पहिल्या वळणाला तिचा श्वास जड झाल्यासारखा वाटला. गेल्या वर्षी आम्ही आलोच नव्हतो, नानांशिवायची ही पहिलीच खेप. दुसरं वळण उजवीकडे होतं. मी धीर करून माझ्या बाजूच्या दारावर बोट आपटलं. टक.

"तिकडून नाही गं," आई म्हणाली. "डावीकडून."

मी उजव्या हाताने स्टिअरिंग घट्ट धरलं. पुढचं उजवं वळण आलं तेव्हा डावा हात लांब केला, नानांच्या सीटसमोरच्या डॅशबोर्डपर्यंत पोचवला, आणि बोट वाकवलं. टक.

"हां, हीच ती," आई म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. "शिवण्णाला सांगून काढून घेऊ नकोस हं."